पोचलीस की दोन रिंगा दे

शालनबाई कांबळे कशाला घाबरत नव्हत्या तेवढं सांगणं सोपं आहे. सापाला. शाळेच्या मागच्या पडवीत एकदा साप निघाला, तेव्हा मी बाकावर चढून बोंबलत होते. मी येळ्ळूरची, आमच्या गावच्या बायका कुणाच्या बापाला भीत नाहीत असं चारचौघींत सांगत फिरणारी. आणि बाई हातात खराटा घेऊन त्याला समजावत होत्या, "जा बाबा लौकर, पोरं यायची वेळ झाली." तो गेला पण. बाकी मग जगातल्या सगळ्या गोष्टींची बाईंना भीती. नदीची, ढगांची, उसाच्या ट्रॉलीची, मोटरसायकलवर मागं बसलेल्या बाईच्या लोंबणाऱ्या पदराची, पोरांच्या तोंडातल्या बोराच्या बीची. आणि सगळ्यात जास्त भीती कुणी वेळेवर न पोचण्याची.

माझी पहिली नेमणूक बोरगावच्या पुढं नदीकाठच्या एका लहान गावात झाली. कर्नाटकातली सरकारी मराठी शाळा, दोन खोल्या, दोन बाया. थोरल्या शालनबाई आणि धाकटी मी. राहायला खोली मिळाली ती पण बाईंच्याच घरात, त्यामुळं शाळेतल्या बाई आणि घरातल्या बाई अशा दोन्ही मी बघितल्या. खरं सांगते, दोघींत काडीचा फरक नव्हता. शाळेत पोरांसाठी जीव खालीवर, घरात नवऱ्यासाठी आणि लेकासाठी. नवरा म्हणजे आप्पा, सरकारी बसवर ड्रायव्हर. लेक अमोल, तेव्हा पुण्यात शिकत होता. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर होती, डोळे मिटलेली. आप्पा तिकडं बोट करून म्हणायचे, "अगं, रोज बघतीस त्यांच्याकडं. जरा तरी शांत हो की!" त्यावर बाई म्हणायच्या, "त्यांना रोज कोल्लापूरला बस घेऊन जावं लागत न्हवतं."

शाळेतला पहिलाच दिवस मला आठवतो. चार वाजता घंटा झाली, पोरं पांगली, मी दाराला कुलूप घालायला गेले तर बाई पायरीवर उभ्या. मी म्हटलं, "चला बाई." त्या म्हणाल्या, "थांब." कशाला थांबायचं ते सांगेनात. हात कपाळावर धरून नदीकडं बघत उभ्या. आमच्या शाळेत पलीकडच्या मळ्यातली सात-आठ पोरं यायची, बंधाऱ्यावरून चालत. बंधारा अरुंद, कठडा नाही, एका बाजूला साठलेलं काळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली दगड. थोड्या वेळानं नदीपलीकडून आवाज आला, ठण् ठण् ठण्. मग दुसरा, मग तिसरा. कुणीतरी भांडी आपटत होतं. बाई बोटं मिटत मोजत होत्या. शेवटचा आवाज झाला आणि बाईंनी श्वास सोडला. "पोचली सगळी. लाव आता कुलूप," म्हणाल्या.

भानगड अशी होती. शाळेत दुपारचं जेवण मिळायचं, आमच्याकडं त्याला कानडीच नाव, बिसिऊट. त्यासाठी प्रत्येक पोराच्या दप्तरात स्टीलचं ताट असायचं. बाईंनी मळ्यातल्या पोरांना शिकवून ठेवलं होतं की पलीकडं पाय टेकला की ताट काढायचं, दगडानं वाजवायचं आणि मगच घरी जायचं. पावसाळा असो नाहीतर मार्चातलं ऊन, नदीत बोटभर पाणी असलं तरी ताट वाजलंच पाहिजे. मला आधी हसूच आलं. गावातले लोक पण हसायचे. रानात काम करणारे गडी म्हणायचे, "वाजली बाईंची आरती, चला घरी."

एकदा सगळी ताटं वाजली, एक वाजलं नाही. राधी नावाची तिसरीतली पोरगी होती, तिचं. बाईंनी परत बोटं मोजली. परत थोडा वेळ वाट बघितली. मग पायरी उतरल्या आणि धावत सुटल्या. पन्नाशीची बाई, नऊवारी नाही पण साडी घोट्यापर्यंत, चप्पल वाटेत टाकून. मी मागं. इतका वेळ मला पाणी दिसलंच नव्हतं, आता तेवढंच दिसायला लागलं. बंधाऱ्याच्या मधोमध पोचलो तर पलीकडच्या काठावर राधी उकिडवी बसून कुत्र्याच्या पिल्लाला ताटातला उरलेला भात चारत होती. ताट रिकामं नव्हतं, मग वाजवणार कसं?

बाई तिथंच बंधाऱ्यावर खाली बसल्या. रागावल्या नाहीत, मारलं नाही. गुडघे धरून बसून राहिल्या आणि राधीला हाक मारून म्हणाल्या, "खाऊ दे गं त्याला. खाऊन झालं की वाजीव." ते पिल्लू खाईपर्यंत आम्ही दोघी त्या अरुंद बंधाऱ्यावर बसलो. मग ताट वाजलं. परत येताना मी म्हटलं, "बाई, ती तर डोळ्यांसमोर दिसत होती की!" बाई म्हणाल्या, "दिसती म्हंजे पोचली असं न्हाई." ह्या वाक्यावर मी त्या रात्री एकटीच लई हसले होते.

मोबाईल आला तसं ताटाचं काम त्याच्याकडं गेलं. शनिवारी मी येळ्ळूरला निघाले की बाई स्टँडपर्यंत सोडायला यायच्या आणि बस हलता हलता खिडकीखालून सांगायच्या, "पोचलीस की दोन रिंगा दे." दोनच. दोन वाजल्या की मी कट करायचा. त्यांनी उचलायचा नाही. मी एकदा विचारलं, "आणि उचललात तर?" बाईंचा चेहरा लगेच उतरला. "मी उचलला तर समजायचं हितं कायतरी झालंय. तू दोनाच्या वर वाजवलंस तर मी समजीन तिकडं कायतरी झालंय. म्हणून सांगते, दोनाच्या वर वाजवू नगंस." हा कायदा घरातल्या सगळ्यांना होता. आप्पा कोल्हापूरला पोचले, दोन रिंगा. अमोल कॉलेजातून खोलीवर आला, दोन रिंगा. शाळा सोडून गेलेली पोरं, कुणी निपाणीला आयटीआयला, कुणी बेंगळूरला कामाला, त्यांच्या पण रिंगा. संध्याकाळी त्या घरात फोन सारखा ट्रिंग ट्रिंग करून गप व्हायचा. आप्पा म्हणायचे, "घर हाय का एक्स्चेंज हाय?" पण बाई भाकरी थापता थापता प्रत्येक वेळी मान हलवायच्या. पुढं अमोलनं त्यांना टचस्क्रीनचा फोन आणून दिला आणि नकाशावर तो कुठं आहे ते दिसायची सोय करून दिली. बाईंनी चष्मा लावून ते बघितलं. "ठिपका दिसतोय, तू कुठं दिसतोस?" म्हणाल्या. रिंगा चालूच राहिल्या.

एवढी भीती आली कुठून, असं मी एकदा तांदूळ निवडता निवडता विचारलंच. त्यांनी खडे काढत काढतच सांगितलं. त्यांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. वस्तीतल्या सगळ्याच बायका जायच्या. संध्याकाळी बायका शिंकत खोकत परत यायच्या, अंगाला तंबाखूचा वास, आणि शालन धाकट्या भावाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी असायची. एक दिवस वखारीत काहीतरी भांडण झालं आणि बायकांना आतच बसवून ठेवलं. वस्तीत कुणालाच काही कळलं नाही. "आई सकाळी आली गं," बाई म्हणाल्या. "धडधाकट आली. आल्या आल्या चूल पेटवली. पण मी त्या उंबऱ्यातनं अजून आत गेलेच न्हाई बघ. कुणी नुसता सांगावा आणला असता, की हाय बाबा, जित्ती हाय, तर मी झोपले असते." मग त्यांनी निवडलेले तांदूळ परत निवडायला घेतले.

आता बसची गोष्ट. आमच्या सीमेवर मधूनच वातावरण तापतं, हे काही मी नव्यानं सांगायला नको. तापलं की इकडच्या बसला तिकडं काळं, तिकडच्या बसला इकडं काळं. आप्पा बोलणार मराठी, घर मराठी, बायको मराठी शाळेत बाई, आणि चालवणार कर्नाटकची बस. त्या दिवशी सकाळी ते कोल्हापूरला गेले. अकराच्या सुमाराला त्यांच्या रिंगा यायच्या, त्या आल्या नाहीत. बाराला बिसिऊटाचा तांदूळ घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं बातमी आणली की हद्दीपलीकडं बस अडवल्यात, दगड पडलेत, एका ड्रायव्हरला खाली ओढलंय. कुठल्या ड्रायव्हरला ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाई वर्गात गेल्या आणि पोरांना म्हणाल्या, "सातचा पाढा." पोरांनी म्हटला. "परत." पोरांनी परत म्हटला. मी पलीकडच्या खोलीत कविता घेत होते, माझ्या कानावर सातचाच पाढा. पोरं दमली, आवाज बसला, एक पोरगी म्हणाली, "बाई, आठचा म्हणू?" बाई म्हणाल्या, "न्हाई. सातचाच." शेवटी मी उठून गेले. बाई खिडकीशी उभ्या होत्या, फोन टेबलावर, आणि उजव्या मुठीत खडूचा पार भुगा झालेला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आपण फोन लावूया की आप्पांना." त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी फोनला हात लावला नाही. फोन लावायचा आणि भलत्यानं उचलला तर? तो विचार त्यांनी केला होता, आणि आता त्यांच्यामुळं मी पण केला. मी पोरांत जाऊन बसले आणि त्यांच्याबरोबर सातचा पाढा म्हणायला लागले. दुसरं काय करणार?

दिवस मावळायच्या आधी आप्पा दुधाच्या टेम्पोतून उतरले. शर्टाचं एक बटण तुटलेलं, बाकी धड. दारातूनच ओरडले, "बसला काळं फासलं गं, मला न्हाई! मी आधीच एवढा काळा, मला फासून दिसणार काय?" तिकडच्या पोरांनी बस अडवली तेव्हा ते त्यांना म्हणाले होते, "फासा बाबांनो, पण आरसा तेवढा सोडा, मला घरी जायाचं हाय." ते मराठी ऐकून पोरं ओशाळली, आरसा सोडून बाकी बस काळी केली आणि वर चहा पाजला. फोन त्या गडबडीत कुठंतरी पडला. मी पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांचे दंड, खांदे, डोकं सगळं चाचपून बघितलं, बाजारात भोपळा दाबून बघतात तसं. मग आत जाऊन भाकरी थापायला बसल्या, आणि आतून रडल्याचा आवाज आला तेव्हा आप्पांचं हसू कुठल्या कुठं गेलं. जेवताना बाई एवढंच म्हणाल्या, "फोन पडला तर दुसऱ्या कुणाचाबी घ्यायचा. परक्या नंबरावनं दोन वाजल्या असत्या तरी मला कळलं असतं." आप्पा खाली मान घालून "व्हय" म्हणाले.

आणि एक अमोलची. रविवारची दुपार होती, मी केस वाळवत अंगणात बसलेली. आत फोन वाजला. एक, दोन, आणि थांबेना. तिसरी, चौथी, पाचवी. बाई फोन तळहातावर धरून बाहेर आल्या, जळता निखारा धरल्यासारख्या. "अमोलचा हाय. सुरेखा, तूच घे गं. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." मी उचलला, "हॅलो" म्हटलं. मग अमोल घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आईला काय झालं? फोन तू का उचललास?" मी म्हटलं, "आईला काही नाही, तुला काय झालं?" तो म्हणाला, "मला नोकरी लागली!" बिचारा आनंदाच्या भरात दोनावर कट करायचं विसरला होता. आणि मी उचलल्यावर त्याला वाटलं, आई गेली. नोकरी त्याला लागली आणि मायलेक दोघंही अर्धा तास फोनवर नुसते रडत होते. त्या दिवशी पेढे मीच आणले.

पुढं माझं लग्न झालं, बदली मिळाली, मी गुंजीला आले. इथं चहूकडं झाडी, फोनला रेंज नाही, म्हणून परसात फणसाखाली जाऊन उभं राहायचं. कुठूनही आले की मी पर्स पण न ठेवता आधी फणसाखाली जाऊन दोन रिंगा द्यायची. माझा नवरा म्हणायचा, "देवाला दिवा लावल्यागत काय गं तुझं हे?" बाई रिटायर झाल्या, आप्पा झाले, बंधाऱ्याशेजारी पूल झाला, ताटं वाजायची थांबली. गंमत बघा, बाईंनी जन्मभर जेवढ्या भीती घेतल्या त्यातली एकही खरी झाली नाही. एक पोर नदीत पडलं नाही. आप्पांच्या अंगाला साधा ओरखडा नाही. आणि स्वतःच्या पोटात वर्षभर दुखत होतं, त्याची भीती घ्यायला मात्र बाईंना सवड झाली नाही. पित्त असंल म्हणून ओवा खात राहिल्या. सगळ्यांची वाट बघणाऱ्या ह्या बाईच्या पोटात काय चाललंय ते कुणी बघितलंच नाही.

बेळगावच्या दवाखान्यात ठेवलंय असं कळलं आणि मी गेले. दुपारची वेळ. बाहेर व्हरांड्यात आप्पा बाकावर बसले होते, उजवा पाय सारखा खालीवर, ब्रेक दाबल्यासारखा. मला बघून उठले. हा माणूस दगडांच्या पावसातून चेष्टा करत घरी आलेला. माझा हात धरून हळू म्हणाले, "सुरेखा, ही भीत न्हाई गं."

मला कळेना. "म्हणजे काय आप्पा?"

"सकाळपास्नं कुणाला कायबी इचारलं न्हाई. अमोल खाली औषध आणाया गेला, तासभर आला न्हाई, हिनं इचारलं न्हाई कुठं गेला म्हणून. असं कधी झालंय व्हय? मला लई भ्या वाटतंय गं."

आत गेले. बाई उशीवर एवढ्याशा दिसत होत्या. फोन उशाशीच होता. मला ओळखलं, हसल्या, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "साप निघालाता तवा बाकावर कोण चढलंतं गं?" मी म्हटलं, "मी नाही, ती दुसरी कोणतरी." हसायचं म्हणून हसले. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. इतक्या वर्षांत ते कपाळ मी असं सपाट कधी बघितलं नव्हतं. मी त्यांचे पाय चेपत बसले, मळ्यातल्या पोरांचं काय काय सांगितलं, राधीला मुलगी झाली ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर दाराकडं नव्हती. बाईंची नजर कायम दाराकडं असायची.

गाडीची वेळ झाली. मी उठले, "येते बाई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "जा, गाडी चुकंल." मी थांबले. पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. दारापर्यंत गेले आणि मागं वळून बघितलं. जे वाक्य मला पाठ होतं, ज्याची मी नक्कल करून दाखवायची, ते वाक्य आता येईल, मग येईल म्हणून मी दारात उभी राहिले. बाईंनी डोळे मिटले होते. शेवटी मीच मोठ्यानं म्हटलं, "बाई, पोचले की दोन रिंगा देते हां." बाईंचा हात फोनकडं थोडा सरकला, का मला तसं वाटलं, देव जाणे.

त्या दिवशी मी गाडीत भीत भीत बसले होते. मी, येळ्ळूरची! देसूरला गाडी थांबली तर का थांबली म्हणून जीव उडाला. डब्यात एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन दाराशी उभी होती, तिला मी दोनदा आत बोलावलं. खानापूर गेलं, झाडी सुरू झाली, रेंज गेली, आणि रेंज गेल्यावर मला वाटलं की आता ह्या मधल्या वेळात काही झालं तर? फोन हातात घट्ट धरून बसले. बाईंनी असे किती दिवस काढले असतील, दर संध्याकाळी, प्रत्येकासाठी?

गुंजीला उतरले ती तडक घरी. नवरा अंगणात होता, पण तिथं न थांबता परसात फणसाखाली गेले. दिवेलागणीची वेळ होती. नंबर लावला. पहिली रिंग वाजली. दुसरी वाजली. मी कट करायला अंगठा नेला, आणि पलीकडून फोन उचलला गेला.

मला कुणी काही सांगायला नको होतं. मागून भांड्यांचा नि चाकांचा आवाज येत होता, कुणीतरी कानडीत काहीतरी विचारत होतं, अमोलचं रडणं ऐकू येत होतं. मग आप्पांनी घसा खाकरला.

"सुरेखा," ते म्हणाले, "पोचलीस न्हवं गं नीट?"

"व्हय आप्पा," मी म्हणाले, "पोचले."